ड्रोन आपटल्यावर क्षितिज का कलतं?

आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ड्रोन मागे घेताना सुरूच्या एका फांदीचा अंदाज चुकला आणि तो पाचेक मीटरवरून खाली आला. वाळूत पडता तर निभावलं असतं, पण पडला तो चिऱ्याच्या गडग्यावर. पंखे शाबूत होते, अंगावर एक ओरखडा, बाकी काही नाही. पुन्हा उडवला तर उडालाही. फक्त मोबाइलच्या पडद्यावर समुद्र उजवीकडे कलंडलेला दिसत होता, जणू सगळं पाणी केळशीच्या बाजूला वाहून जाणार.

डोंगराची रांग थोडी कललेली दिसली तर आपल्याला खटकत नाही, डोंगर तसाच असेल असं मन धरून चालतं. पाणी कललेलं मात्र लहान मुलालाही सहन होत नाही. हिशोब करून बघू. फोर-के चित्रणाची चौकट ३,८४० पिक्सेल रुंद असते. क्षितिज १ अंशाने कललं की डाव्या कडेपेक्षा उजव्या कडेला ते ६७ पिक्सेल खाली जातं, २ अंशांनी कललं की १३४. संगणकावर चित्र फिरवून हे सरळ करता येतं, पण फिरवलं की कोपरे रिकामे पडतात आणि ते झाकायला चित्र मोठं करून कडा कापाव्या लागतात. २ अंशांच्या दुरुस्तीत १६:९ च्या चौकटीचं ११ टक्के क्षेत्रफळ जातं. एखाद्या चित्रणापुरतं हे ठीक, पण ड्रोनचं दुखणं तसंच राहतं.

कॅमेरा ज्या सांध्यांवर लटकतो त्याला जिंबल म्हणतात. कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या बायझंटियमच्या फिलोच्या नावावर, कशीही फिरवली तरी शाई न सांडणाऱ्या दौतीचं वर्णन सापडतं. जहाजांवरची होकायंत्रंही अशाच कड्यांमध्ये टांगलेली असत. तिथे काम वजन करायचं, जड बाजू आपसूक खाली राहायची. ड्रोनच्या जिंबलमध्ये वजन सगळ्या बाजूंनी तोललेलं असतं आणि सावरण्याचं काम तीन चिमुकल्या ब्रशलेस मोटरी करतात. एक कॅमेरा डावी-उजवीकडे वळवते, एक वर-खाली करते आणि तिसरी, जिला रोलची मोटर म्हणतात, ती क्षितिज आडवं ठेवते. पण मोटर हुकमाची ताबेदार. आडवं म्हणजे काय, हे तिला संवेदक सांगतो. म्हणून क्षितिज कललं की पहिला प्रश्न हाच: मोटरला सांगितलेलं जमत नाहीये, की तिला सांगितलंच चुकीचं जातंय? स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी याचं उत्तर मिळालं पाहिजे असं माझं ठाम मत आहे, कारण दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत.

यंत्राला ‘खाली’ कळतं कसं? गवंडी ओळंबा सोडतो तेव्हा दोरी सरळ खाली बोट दाखवते. तोच ओळंबा एसटीत धरून बसा. गाडी सुटली की तो मागे जातो, ब्रेक लागला की पुढे, आणि कशेडी घाटातल्या वळणावर बाहेरच्या अंगाला. गुरुत्व कुठलं आणि गाडीचा झटका कुठला, हे ओळंब्याला वेगळं काढता येत नाही. ड्रोनमधला ॲक्सेलरोमीटर हा सिलिकॉनमध्ये कोरलेला असाच ओळंबा, अतिसूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला. त्याची अडचण एसटीतल्या ओळंब्यापेक्षा मोठी आहे. वळताना ड्रोन एका अंगावर झुकतो आणि पंख्यांचा जोर त्याच्या स्वतःच्या पाठीच्या दिशेने लागतो. त्यामुळे संपूर्ण वळणभर आतल्या ओळंब्याला खालची दिशा म्हणजे ड्रोनचं पोट, एवढंच जाणवतं. २५ अंश झुकलेला ड्रोन त्याच्या लेखी सपाट असतो.

म्हणून जोडीला गायरोस्कोप असतो. हे नाव लेऑं फूको यांनी १८५२ साली दिलं. त्यांच्या यंत्रात जड चकती गरगर फिरायची. चिपमधल्या गायरोत चकती नसते, सिलिकॉनचा एक बारीकसा तुकडा सतत थरथरत ठेवलेला असतो. चिप वळली की कोरिऑलिस परिणामामुळे ती थरथर आडव्या दिशेला ओढली जाते आणि त्यावरून वळण्याचा वेग कळतो. गायरो चपळ असतो, वळणाच्या झटक्यांनी फसत नाही, पण त्याच्या बारीक चुका साठत जातात. रात्री वीज गेल्यावर आपण घरात पावलं मोजत चालतो तसं हे आहे. चार पावलं बरोबर पडतात, मग अंदाज सरकतो, आणि हात भिंतीला लागला की पुन्हा आपली जागा कळते. पावलं गायरो मोजतो, भिंतीचं काम ॲक्सेलरोमीटर करतो. दोघांचा मेळ घालायला गणित लागतं. त्या गणितातली सगळ्यात नावाजलेली रीत रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० साली मांडली.

आता आपटण्याकडे येऊ. १ अंशाचा कल ओळखायचा, तर ॲक्सेलरोमीटरला गुरुत्वाच्या पावणेदोन टक्क्यांएवढा फरक टिपावा लागतो. हौशी मंडळींच्या यंत्रांमध्ये वर्षानुवर्षं वापरली गेलेली एमपीयू-६०५० ही चिप घ्या. तिच्या माहितीपत्रकातच लिहिलंय की आडव्या दिशांचं शून्य, म्हणजे कल नसताना शून्य यायला हवा तो आकडा, गुरुत्वाच्या ५ टक्क्यांपर्यंत सरकलेलं असू शकतं. म्हणजे जवळजवळ ३ अंशांची चूक जन्मापासूनच. म्हणून प्रत्येक यंत्राची चूक मोजून तिची दुरुस्ती त्याच्या स्मृतीत लिहून ठेवतात. यालाच कॅलिब्रेशन म्हणायचं. पाच मीटरवरून पडलेल्या वस्तूचा वेग सेकंदाला सुमारे १० मीटर होतो. दगडावर ती ५ मिलिमीटरमध्ये थांबली, तर तिला बसलेला धक्का गुरुत्वाच्या हजारपट असतो. अशी चिप १०,००० पटीपर्यंतचे धक्के सोसू शकते, त्यामुळे ती सहसा फुटत नाही. पण ती ज्या सर्किटच्या पट्टीवर डाखलेली असते ती पट्टी पिळवटते, डाखाच्या जागी ताण राहतो आणि शून्य आणखी थोडं सरकतं. स्मृतीत मात्र जुनीच दुरुस्ती असते.

मग निदान कसं करायचं? कल केव्हा दिसतो ते पाहायचं. ड्रोन एका जागी स्थिर तरंगतोय, कुठल्याही दिशेला तोंड केलं तरी क्षितिज तेवढंच आणि त्याच बाजूला कललेलं आहे, तर स्मृतीतलं शून्य चुकलंय असं समजावं. इथे कॅलिब्रेशनचा उपयोग होतो. कॅमेरा वर-खाली केला की कल बदलतो, तर सांध्यांमधला एखादा दांडा वाकलाय, आणि त्याला कुठलंही कॅलिब्रेशन सरळ करू शकत नाही. जोरात वळताना कल येतो आणि थांबल्यावर काही क्षणांत जातो, तर बहुधा ती ओळंब्याची वर सांगितलेली फसगत असते. न आपटलेल्या ड्रोनमध्येही ती थोडीफार दिसते.

घरात करायची एक परीक्षा मला फार आवडते. समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोरीला नट बांधून दोन ओळंबे सोडायचे आणि मधल्या टेबलावर ड्रोन ठेवायचा. पंखे काढून ठेवावेत. कॅमेरा सरळ समोर, दोरी चौकटीच्या बरोबर मध्यावर, कारण कडेला भिंगाचा स्वतःचा वाकडेपणा मिसळतो. एक फोटो काढायचा, ड्रोन जागच्या जागी १८० अंशांत फिरवून दुसऱ्या दोरीचा दुसरा. दोन्ही फोटोंत दोरी एकाच बाजूला तेवढीच कललेली असेल तर चूक ड्रोनच्या समजुतीत आहे. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असेल तर टेबलाला उतार आहे आणि जिंबल तो सावरतच नाहीये, म्हणजे मोटरीकडे बघायला हवं. सुतार पाणसळ उलटसुलट ठेवून ती खरी की खोटी हे ठरवतो, त्यातलाच हा प्रकार.

माझ्या ड्रोनमध्ये दुखणी दोन निघाली. जिंबलची पट्टी अंगाला छोट्या रबरी डॅम्परवर टांगलेली असते, पंख्यांची थरथर कॅमेऱ्यापर्यंत पोचू नये म्हणून. टॉर्च मारून पाहिलं तर चारातला एक रबर खाचेतून निसटला होता. पट्टी एका कोपऱ्यात लोंबत होती आणि जिंबलचा दांडा अंगाला घासत होता. बोथट चिमट्याने रबराचं टोक भोकातून ओढून घेतलं. शेजारून कागदासारखी पातळ रिबन केबल जाते, तिला धक्का लागू न देणं हेच त्यातलं कौशल्य. मग ॲपमध्ये जाऊन कॅलिब्रेशन केलं. कॅमेऱ्याने तिन्ही दिशांना मान हलवली, पडद्यावर ‘यशस्वी’ असं आलं.

दुसऱ्या दिवशी समुद्र अजून कललेलाच. प्रत्येक दिशेला सारखा, कडेपासून कडेपर्यंत ७४ पिक्सेल. म्हणजे १.१ अंश. रबर बसलं होतं, दांडा सरळ होता, कॅलिब्रेशन झालं होतं. मग हा कल आला कुठून? कॅलिब्रेशन मी पडवीच्या फरशीवर केलं होतं. कोकणातल्या पडवीला पावसाचं पाणी अंगणाकडे जावं म्हणून ढाळ दिलेला असतो. पाणसळ लावून मोजलं तर मीटरला सुमारे दोन सेंटीमीटर, म्हणजे १.१५ अंश! ड्रोनचं तोंड पडवीच्या लांबीकडे होतं, त्यामुळे सगळा ढाळ त्याच्या आडव्या अंगाला आला होता. आडवं म्हणजे काय, हे तो त्या क्षणी जमिनीला विचारत होता आणि जमिनीने त्याला पडवीचा ढाळ सांगितला होता. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं.

सपाट जागा घरात वाटते तितकी सहज मिळत नाही. मी कॅरम बोर्ड काढला. त्याची खेळायची जागा ७४ सेंटीमीटर, म्हणजे एक कड १३ मिलिमीटर उचलली की १ अंश होतो, २ मिलिमीटर उचलली तर अंशाचा सहावा भागही नाही. पोस्टकार्डाच्या घड्या पायांखाली सारून दोन्ही दिशांना पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणला. प्रत्येक वेळी पाणसळ उलटी ठेवूनही पाहिली. ड्रोन उन्हातून आणलेला होता म्हणून तासभर थंड होऊ दिला, कारण या संवेदकांचं शून्य तापमानाबरोबरही सरकतं. मग आधी ड्रोनच्या मुख्य संवेदकाचं कॅलिब्रेशन केलं, ज्यात त्याला पडद्यावर दाखवतील तसं एकेका कुशीवर ठेवावं लागतं, आणि त्यानंतर जिंबलचं. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण बऱ्याच ड्रोनमध्ये जिंबल मुख्य संवेदकाच्या माहितीवरही विसंबून असतो. त्यातूनही उरलेला बारीक कल सेटिंगमधल्या रोल ॲडजस्टने हाताने काढता येतो. मात्र दुखणं शोधायच्या आधीच ते चाक फिरवलं तर खूण पुसली जाते आणि निदान अवघड होतं.

दांडा वाकला असेल तर मात्र तो पकडीने सरळ करायला जाऊ नये. ओतीव ॲल्युमिनियम परत वाकवताना चिरतं. भाग बदलावा. भारतात ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही, त्यामुळे हातातला ड्रोन दुरुस्त करून वापरण्याला इथे जास्तच मोल आलंय. एवढं लक्षात ठेवावं की जिंबलचा दांडा किंवा मोटर बदलली की जुन्या भागासाठी मोजलेली दुरुस्ती नव्याला लागू पडत नाही. काही मॉडेलना तेव्हा ॲपमधलं कॅलिब्रेशन पुरत नाही, दुरुस्ती केंद्रातलं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. भाग विकत घेण्याआधी हे विचारून घ्यावं.

सकाळी वारा उठायच्या आत पुन्हा किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या बनापासून चांगलं लांब, उघड्या वाळूवरून ड्रोन वर घेतला, क्षितिज चौकटीच्या मध्यावर आणलं आणि पश्चिमेकडे, मग नैर्ऋत्येला, मग वायव्येला तोंड करून तीन फोटो काढले. घरी येऊन पिक्सेल मोजले. डाव्या कडेला क्षितिज वरून १,०७८व्या ओळीत, उजव्या कडेला १,०८१व्या. तिन्ही फोटोंत फरक तीन-चार पिक्सेलांचा, म्हणजे अंशाच्या विसाव्या भागाएवढा.