नेमसर्व्हर बदलण्यापूर्वी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"नवी वेबसाइट सुरू झाली, पण सकाळपासून एकही मेल आलेला नाही," अशी तक्रार आमच्या धरमपेठेतील कार्यालयात वारंवार येते. बहुतेक वेळा कारण एकच निघते : ग्राहकाने किंवा त्यांच्या वेब डिझायनरने आम्हाला न कळवता नेमसर्व्हर बदललेले असतात.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नाव, ही दुकानाची पाटी आणि होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवण्याची सर्व्हरवरील जागा, हा गाळा; दोन्हींचे नूतनीकरण वेगवेगळे, हे आपणांस ठाऊक आहेच. या दोहोंना जोडणारी नोंदवही म्हणजे डीएनएस, आणि ती वही कोणाकडे आहे हे नेमसर्व्हरवरून कळते. वहीतील ए रेकॉर्ड वेबसाइटच्या सर्व्हरचा आयपी पत्ता सांगतो, एमएक्स रेकॉर्ड मेल कोणत्या सर्व्हरवर पोहोचवायचा ते सांगतो, आणि आपल्या नावाने मेल पाठवण्याची मुभा कोणत्या सर्व्हरला आहे हे एसपीएफच्या नोंदीवरून समोरच्याला कळते. नेमसर्व्हर बदलले की वहीतील एखादी ओळ नव्हे, तर संपूर्ण वहीच बदलते. नव्या वहीत फक्त ए रेकॉर्ड भरलेला असेल, तर वेबसाइट झकास दिसते आणि मेल मात्र मुकाट्याने बंद पडतो.

हिंगणा एमआयडीसीतील आमच्या एका ग्राहकाकडे शुक्रवारी संध्याकाळी असा बदल झाला आणि सोमवारी कोटेशन येईनात तेव्हा तो लक्षात आला. दुरुस्तीसाठी रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीच्या, खात्यात शिरावे, तर ओटीपी त्याच बंद पडलेल्या मेलवर जात होता. म्हणून आमची आग्रहाची विनंती आहे की, रजिस्ट्रारकडे नोंदवलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा आणि त्याचा पासवर्ड मालकाच्या हाती असावा.

जुने नेमसर्व्हर पुन्हा टाकले तरी सारे तत्काळ सुरळीत होत नाही. प्रत्येक नोंदीला टीटीएल, म्हणजे ती किती सेकंद लक्षात ठेवावी याची मुदत असते. ती ८६,४०० असेल, तर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांचे सर्व्हर चुकीची नोंद २४ तासांपर्यंत धरून ठेवू शकतात. त्या काळात आम्हाला कितीही फोन केले तरी ती मुदत कमी होत नाही, हे कृपया समजून घ्यावे.

वेबसाइट दुसरीकडे न्यायची असल्यास बहुतेक वेळा केवळ ए रेकॉर्ड बदलणे पुरते. आम्ही आदल्या दिवशी त्याचा टीटीएल ३०० वर आणतो, जुन्या नोंदींची प्रत काढतो आणि शक्यतो शनिवारी रात्री बदल करतो. नेमसर्व्हर बदलणे अटळच असेल, तर एमएक्ससह सर्व नोंदी नव्या जागी आधी भरून घेतो. आमच्याकडे होस्टिंग असलेल्या ग्राहकांकडून या कामाचे वेगळे शुल्क घेतले जात नाही.

वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारी मोफत एसएसएल प्रमाणपत्रे बहुधा ९० दिवसांची असतात आणि आपोआप नवी होतात. नोंदी चुकल्यास तेही थांबते, एवढे लक्षात असू द्यावे.

फोनवरील सांगण्यावरून आम्ही नोंदी बदलत नाही, याबद्दल काही ग्राहक नाराज होतात. परंतु डोमेन आपल्या नावावर असते, आमच्या नव्हे, आणि फोनवर बोलणारी व्यक्ती कोण हे आम्हाला पडताळता येत नाही. म्हणून नोंदणीकृत ईमेलवरून, आणि तो बंद असल्यास फर्मच्या शिक्क्याच्या पत्राने, दोन दिवस आधी कळवावे; डिझायनरशी आम्ही स्वतः बोलून घेऊ.