जुन्या मोटारीच्या झिजलेल्या स्टेअरिंगची दुरुस्ती

जुन्या मोटारीचे स्टेअरिंग दुरुस्त करणे म्हणजे चक्रापासून पुढच्या चाकांपर्यंतच्या प्रत्येक सांध्यातील झीज शोधून ती काढून टाकणे. चक्र फिरवूनही चाके हलत नाहीत, त्या मोकळ्या फिरण्याला गॅरेजात ‘प्ले’ म्हणतात. वर्म-सेक्टर पद्धतीच्या (चक्राच्या दांड्यावरचा आटेदार वर्म दातेरी सेक्टरला फिरवतो अशा) स्टेअरिंग बॉक्समध्ये चक्राच्या कडेला इंचभर प्ले सहसा चालवून घेतात. तो बराच वाढला, की सरळ रस्त्यावरही गाडी सतत सावरावी लागते.

हा प्ले एकाच जागी क्वचितच असतो. वर्म, सेक्टर शाफ्टचे बुश (नळीसारखे बेअरिंग), ड्रॅग लिंक (बॉक्सची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा), टाय रॉडचे (पुढची दोन्ही चाके जोडणाऱ्या दांड्याचे) बॉल जॉइंट आणि किंगपिन (ज्याभोवती पुढचे चाक वळते ती पिन) यांची थोडीथोडी झीज साठून ती चक्रावर जाणवते. म्हणूनच बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळून गाडी परत देण्याची सर्रास पद्धत घातक आहे. गाडी बहुतेक वेळ सरळ धावत असल्यामुळे वर्म मधोमध सर्वाधिक झिजतो आणि टोकांना जवळजवळ नवाच राहतो. मधला प्ले संपेपर्यंत स्क्रू आवळला, तर पूर्ण वळणावर दाते जखडतात. गगनबावड्याच्या पुढे करूळ घाट उतरताना चक्र असे अडकले, तर सावरायला वाव राहत नाही. अँबॅसडरला रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि लहान दातेरी चाक) असते, पण तिथेही मधलेच दाते आधी झिजतात.

तपासणीला दोघे लागतात. चाके जमिनीवर असताना एकाने चक्र हलकेच डावी-उजवीकडे हलवत राहावे आणि दुसऱ्याने गाडीखाली एकेका सांध्यावर बोटे ठेवावीत. सांध्याचा एक भाग हलून दुसरा मागाहून हलत असेल, तर बोटांना ठोका जाणवतो. नंतर ॲक्सल जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवतात. ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले तर दोष व्हील बेअरिंगचा, न थांबले तर बहुधा किंगपिनचा.

किंगपिनचे बुश तयार मिळाले नाहीत, तरी कोल्हापुरात काम अडत नाही. ऑइल इंजिने आणि ओतकाम यांवर वाढलेल्या शिवाजी उद्यमनगरात गनमेटलचे बुश लेथवर घडवून घेता येतात. बुश दाबून बसवताना त्याचे भोक ग्रीस निपलच्या समोर आले पाहिजे, नाहीतर ग्रीस आत पोचतच नाही. वरचा आणि खालचा बुश लांब रीमरने (भोक अचूक मापाचे करणाऱ्या हत्याराने) एकाच रेषेत रीम करावेत. वेगवेगळे रीम केले, तर पिन तिरकी बसते आणि नवे बुशही लवकर झिजतात.

बॉक्स शेवटी उघडावा. ड्रॉप आर्मवर (सेक्टर शाफ्टवर बसून ड्रॅग लिंक हलवणाऱ्या दांड्यावर) खूण करून तो पुलरनेच काढावा, हातोड्याने ठोकू नये. वर्मची उभी ढिलाई अनेक बनावटींत शिम (पातळ चकत्या) कमी करून काढतात, मग सेक्टरचा स्क्रू चाके सरळ असतानाच्या स्थितीत लावून चक्र दोन्ही टोकांपर्यंत मोकळे फिरते का, ते पाहतात. वर्मवर खड्डे पडले असतील, तर कोणतीही ॲडजस्टमेंट उपयोगी नाही. तडा गेलेल्या ड्रॉप आर्मला वेल्डिंग करणे अक्षम्य आहे.

पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांचा नोंदणी क्रमांक मिळू शकतो. दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार पाहायला गर्दी करणाऱ्या या शहराने तरी पॉवर स्टेअरिंग बसवण्यापेक्षा मूळ बॉक्सच सुधारून घ्यावा. सांधे बदलल्यावर टो-इन (पुढची चाके समोरून किंचित आत वळलेली ठेवण्याचे माप) पुन्हा जुळवून प्रत्येक स्प्लिट पिन नवी घालावी आणि काही दिवस गाडी चालवून सर्व नट पुन्हा तपासावेत.