अक्षर तेच, खुणा बिघडलेल्या : तीव्र ल्युकेमियातील एपिजेनेटिक जनुकांची पार्श्वभूमी

रक्ताच्या कर्करोगाचा जनुकीय इतिहास बरीच वर्षे मोडलेल्या गुणसूत्रांचा इतिहास होता. 1973 साली शिकागोत जॅनेट रौली यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले की ल्युकेमियाच्या पेशींत दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन बसलेले असतात. पुढे तीव्र मायलॉइड ल्युकेमिया (एएमएल) या वेगाने वाढणाऱ्या प्रकारातल्या रुग्णांचे जोखमीचे गट याच पाहणीवरून पाडले जाऊ लागले. पण जवळजवळ निम्म्या रुग्णांची गुणसूत्रे दिसायला धडधाकट निघत. आजार जीवघेणा, आणि अहवालावर मात्र ‘नॉर्मल’. या रुग्णांत नेमके बिघडले काय, हे कोणी सांगू शकत नव्हते.

उत्तराचा एक धागा आधीच हाती होता, पण तो औषधाच्या रूपात. 1964 साली प्राग येथे पिस्काला आणि शोर्म यांनी अझासायटिडीन हे रसायन तयार केले. पेशी मारणारे औषध म्हणूनच ते तपासले गेले. 1980 मध्ये पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांनी त्याचे वेगळेच रूप दाखवले. उंदराच्या भ्रूणपेशींना हे औषध दिले की डीएनएवरच्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा पुसल्या जातात आणि त्या पेशींतून चक्क स्नायूपेशी तयार होतात. डीएनएचा मजकूर तोच राहतो, पण त्यातले काय वाचायचे आणि काय मिटून ठेवायचे हे सांगणाऱ्या खुणा बदलतात. एपिजेनेटिक म्हणतात ते याला. रक्ताच्या मूळ पेशीने वेळेवर परिपक्व होऊन पांढरी पेशी बनायचे की अर्धवट अवस्थेतच वाढत राहायचे, हेही याच खुणांवर अवलंबून असते. 2004 मध्ये अमेरिकेत अझासायटिडीनला मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमसाठी, म्हणजे अस्थिमज्जेत सदोष रक्तपेशी तयार होण्याच्या आजारासाठी, मान्यता मिळाली. ल्युकेमियात या खुणा मुळात का बिघडतात, ते तेव्हाही माहीत नव्हते.

2008 च्या नोव्हेंबरात सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील टिमोथी ली यांच्या गटाने एका कर्करुग्णाचा संपूर्ण जीनोम, म्हणजे डीएनएचा सगळा मजकूर, प्रसिद्ध केला. असे प्रथमच घडत होते. रुग्ण पन्नाशीतली स्त्री, आजार एएमएल, गुणसूत्रे नॉर्मल. दहा जनुकांत बदल सापडले, त्यांपैकी दोनच पूर्वी माहीत होते. उरलेले आठ इतर रुग्णांत काही मिळेनात. एवढ्या कष्टांतून एवढेच का, असे तेव्हा अनेकांना वाटले असणार. पण 2010 साली सुधारलेल्या तंत्राने त्याच स्त्रीचे नमुने पुन्हा वाचले, तेव्हा पहिल्या खेपेस निसटलेला एक बदल दिसला. तो डीएनएमटी3ए या जनुकात होता, म्हणजे डीएनएवर मिथाइल खुणा उमटवणाऱ्या विकराच्याच (एन्झाइमच्या) जनुकात. मग 281 रुग्ण तपासले, आणि 62 जणांत तेच जनुक बिघडलेले निघाले. बदल असलेल्यांचा जगण्याचा मध्यक कालावधी सुमारे 12 महिने होता. बदल नसलेल्यांचा 41 महिने. या सगळ्या इतिहासात मला हाच प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. उत्तर पहिल्याच रुग्णाच्या नमुन्यात होते. पुन्हा वाचायची चिकाटी हवी होती.

मधल्या काळात दुसरी बाजूही उघड झाली होती. 2009 मध्ये हार्वर्डमध्ये ममता ताहिलियानी आणि अंजना राव यांच्या गटाने दाखवले की टीईटी1 हा विकर मिथाइल खुणेचे रासायनिक रूप बदलतो. ती खूण काढून टाकण्याची ही पहिली पायरी. टीईटी या कुळाचे नावही ल्युकेमियातूनच आले आहे, दहाव्या आणि अकराव्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीवरून (टेन-इलेव्हन ट्रान्सलोकेशन). त्याच वर्षी फ्रेंच संशोधकांना मायलॉइड कर्करोगाच्या रुग्णांत त्याच कुळातले टीईटी2 बिघडलेले सापडले आणि सेंट लुइसच्या गटाने वाचलेल्या दुसऱ्या जीनोममध्ये आयडीएच1 या जनुकाचा बदल मिळाला. आयडीएच तर चयापचयाचे जनुक, त्याचा इथे काय संबंध? बिघडलेला आयडीएच 2-हायड्रॉक्सीग्लुटारेट नावाचा पदार्थ तयार करतो आणि तो टीईटी2 चे काम अडवतो. म्हणून एकाच रुग्णात हे दोन्ही बदल सहसा सापडत नाहीत. एक बिघाड पुरेसा असतो. 2013 मध्ये 200 रुग्णांच्या पाहणीत 44 टक्के जणांत मिथाइलेशनशी संबंधित जनुके बिघडलेली आढळली. आयडीएच1 च्याच जोडीचे जनुक आयडीएच2 बिघडले तर त्याला रोखणारे एनासिडेनिब हे औषध 2017 मध्ये मान्य झाले. त्याने अडकून पडलेल्या पेशी परिपक्व होऊ लागतात.

2014 मध्ये टोरांटोच्या जॉन डिक यांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. डीएनएमटी3ए चा बदल ल्युकेमियाच्या आधीच, निरोगी दिसणाऱ्या मूळ पेशीत झालेला असतो. अशा पेशी केमोथेरपीला पुरून उरतात आणि आजार आटोक्यात आलेल्या रुग्णाच्या रक्तातही सापडतात. त्याच वर्षी हजारो निरोगी लोकांचे रक्त तपासले गेले, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्यांपैकी सुमारे दहा टक्क्यांच्या रक्तात असे बदल आढळले, त्यांत डीएनएमटी3ए, टीईटी2 आणि एएसएक्सएल1 ही जनुके आघाडीवर. यांतल्या बहुतेकांना ल्युकेमिया कधीच होत नाही. वर्षाला शंभरातल्या एखाद्यालाच, किंवा त्याहूनही कमी जणांना, रक्ताचा कर्करोग होतो. हा एखादा कोण, हे आधी ओळखण्याचे काम आता सुरू आहे.