सिम्पसन्स आणि ट्रम्प: २००० चा एपिसोड कुठला, २०१५ ची क्लिप कुठली

अमेरिकेत निवडणूक आली की व्हॉट्सॲपवर हा फोटो हमखास येतो. डावीकडे ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेच्या धाटणीतले पिवळेधमक डोनाल्ड ट्रम्प सरकत्या जिन्यावरून हात हलवत खाली येतायत, उजवीकडे खरे ट्रम्प, तसाच जिना, तसाच हात. खाली मजकूर: ‘सिम्पसन्सने हे २००० सालीच दाखवलं होतं. विचार करा!’ मग कोणी नॉस्त्राडेमसला मध्ये आणतं, कोणी ‘इल्युमिनाटी’ (म्हणे जग चालवणारी गुप्त संघटना) म्हणतं, आणि गटातले एखादे काका ‘आपल्या भृगुसंहितेत हे सगळं आधीच आहे’ असं सांगून विषय संपवतात.

२००० सालचा ट्रम्प यांचा उल्लेख असलेला एपिसोड आहे, अगदी खरा आहे. जिन्यावरचं कार्टूनही अस्सल आहे, ‘सिम्पसन्स’वाल्यांनीच काढलेलं. फक्त ह्याचा त्याच्याशी संबंध बादरायण आहे. एक पूर्ण लांबीचा एपिसोड, दुसरी यूट्यूबवर टाकलेली छोटी क्लिप, आणि दोघांच्या मध्ये पंधरा वर्षं.

आधी एपिसोड. ‘द सिम्पसन्स’ ही फॉक्स वाहिनीवरची मालिका १७ डिसेंबर १९८९ ला सुरू झाली आणि अजून चालूच आहे. स्प्रिंगफील्ड नावाच्या गावातलं होमर, मार्ज, बार्ट, लिसा आणि मॅगी हे कुटुंब. मुलांची वयं तीस-पस्तीस वर्षांत एका दिवसानेही वाढलेली नाहीत. त्यामुळे ‘ही मुलं मोठी झाली तर?’ असा खेळ लेखक अधूनमधून खेळतात. त्यातलाच अकराव्या सीझनमधला एक म्हणजे ‘बार्ट टू द फ्यूचर’. १९ मार्च २००० ला प्रसारित झाला, लेखक डॅन ग्रीनी.

गोष्ट अशी: सिम्पसन मंडळी सहलीला निघतात, तिथे डासांनी हैराण होऊन परत फिरतात आणि वाटेत मूळ अमेरिकन जमातीच्या एका कॅसिनोत शिरतात. बार्ट लहान म्हणून त्याला आत सोडत नाहीत, तो चोरून घुसतो, पकडला जातो, आणि कॅसिनोचा मॅनेजर आगीच्या ज्वाळांत त्याला त्याचं भविष्य दाखवतो. तीस वर्षांनंतरचा बार्ट चाळिशीचा, ढेरपोट्या, शाळेतल्या राल्फ विगमबरोबर एका खोलीत राहणारा आणि फुटकळ बँडमध्ये गिटार बडवणारा आहे. घराबाहेर काढल्यावर हे महाशय थेट बहिणीच्या दारात जातात. बहीण लिसा अमेरिकेची राष्ट्राध्यक्ष झालेली असते.

आता ते सुप्रसिद्ध वाक्य. ओव्हल ऑफिसमध्ये, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात, लिसा आपल्या सल्लागारांना म्हणते की, तुम्हाला ठाऊकच आहे, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्याकडून आपल्या वाट्याला पैशांची मोठी ओढाताण आली आहे. झालं. एवढंच. संपूर्ण एपिसोडमध्ये ट्रम्प एकदाही दिसत नाहीत. जिना नाही, हात हलवणं नाही, निवडणूक नाही, लाल टोपी नाही. एका वाक्यातलं एक आडनाव, आणि पुढचं दृश्य सुरू.

गंमत त्याच्या पुढच्या ओळींत आहे आणि ती फॉरवर्डवाले कधीच सांगत नाहीत, कारण त्यांनी एपिसोड बघितलेला नसतो. देश कंगाल झाला कसा, असं लिसा विचारते तेव्हा मिलहाऊस (शाळेतला चष्मेवाला, आता तिच्या मंत्रिमंडळात) सांगतो की मागच्या सरकारने देशातल्या मुलांवर पैसा खर्च करायचं ठरवलं, ती मोठी चूक झाली. पौष्टिक न्याहारीच्या योजनेतून धिप्पाड, ताकदवान गुन्हेगारांची पिढी निपजली, आणि मध्यरात्रीच्या बास्केटबॉलमुळे (तरुणांना गुन्ह्यांपासून दूर ठेवण्यासाठी रात्री सामने भरवायची योजना) ती झोपेशिवाय जगायला शिकली. म्हणजे या ‘भाकिता’तले ट्रम्प मुलांच्या कल्याणावर तिजोरी रिकामी करणारे राष्ट्राध्यक्ष आहेत. नव्वदच्या दशकात अमेरिकेत अशा योजनांवरून जे वाद झाले, त्यांच्यावरची ही टोलेबाजी होती. खऱ्या ट्रम्प यांच्या कारभाराशी तिचा काडीचाही मेळ बसत नाही. जुळलं ते फक्त नाव.

आणि नावसुद्धा आकाशातून पडलेलं नव्हतं. ऑक्टोबर १९९९ मध्ये ट्रम्प रिपब्लिकन पक्ष सोडून रिफॉर्म पक्ष या छोट्या तिसऱ्या पक्षात गेले आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी चाचपणी करतोय असं त्यांनी लॅरी किंग यांच्या टीव्ही कार्यक्रमात जाहीर केलं. फेब्रुवारी २००० मध्ये त्यांनी माघार घेतली, पण मतपत्रिकेवर नाव राहिल्यामुळे मिशिगन आणि कॅलिफोर्नियातल्या रिफॉर्म पक्षाच्या प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुका ते जिंकलेही. कॅलिफोर्नियाची ७ मार्चला झाली, एपिसोड १९ मार्चला आला. राष्ट्राध्यक्ष व्हायची त्यांची भाषा तर ऐंशीच्या दशकापासूनची. तेव्हा १९९९-२००० मध्ये ‘कल्पना करा, ट्रम्प राष्ट्राध्यक्ष झाले तर!’ हा विनोद एखाद्या अमेरिकन लेखकाला सुचणं म्हणजे दिव्यदृष्टी नव्हे, रोजचा पेपर वाचणं.

ग्रीनी यांनी स्वतः मार्च २०१६ मध्ये ‘द हॉलिवूड रिपोर्टर’शी बोलताना याचा खुलासा केला. लिसा सत्तेवर येते तेव्हा तिच्या आवाक्याबाहेरच्या अडचणी समोर हव्या होत्या, म्हणून तिच्या आधी सगळं शक्य तितकं बिघडवून ठेवणारा कोणी तरी हवा होता. अमेरिकेला दिलेला तो इशारा होता, असंही ते म्हणाले. मालिकेचे जनक मॅट ग्रेनिंग यांनी त्याच वर्षी ‘गार्डियन’ला सांगितलं की त्या जागी घालायला सर्वांत हास्यास्पद वाटलेलं नाव ते हेच. या दोघांचं बोलणं एकत्र वाचलं की चित्र स्पष्ट होतं: हे घडेल असं कोणाला वाटत नव्हतं म्हणूनच ते नाव तिथे आलं. बोलाफुलाला गाठ पडली ती नंतर.

एक कडवट मुद्दा राहतोच. हा एपिसोड मुळात फारसा चांगला नाही. २००३ मध्ये ‘एंटरटेनमेंट वीकली’ने त्याला मालिकेतला सर्वांत वाईट एपिसोड ठरवलं होतं. तितका टाकाऊ मला वाटत नाही, पण मोठ्या बार्टचं रडगाणं लांबत जातं आणि होमर व्हाइट हाऊसमध्ये लिंकनचं सोनं शोधत फिरतो ते उपकथानक निव्वळ भरती आहे. २०१६ झालं नसतं तर या एपिसोडचं नाव फक्त कट्टर चाहत्यांच्या तोंडी राहिलं असतं.

आता जिना. १६ जून २०१५ ला ट्रम्प न्यू यॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या ट्रम्प टॉवरमध्ये सरकत्या जिन्यावरून खाली आले आणि त्यांनी उमेदवारी जाहीर केली. ते दृश्य जगभर दिसलं. त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी, ७ जुलै २०१५ ला, फॉक्सच्या ॲनिमेशन चॅनेलने यूट्यूबवर ‘ट्रम्पटास्टिक व्हॉयेज’ ही दोनेक मिनिटांची क्लिप टाकली. त्यात होमर ट्रम्प टॉवरमधल्या त्या गर्दीत सापडतो आणि शेवटी ट्रम्प यांच्या केसांच्या जंगलात जाऊन पडतो. माणसाच्या शरीरात शिरणाऱ्या पाणबुडीच्या जुन्या विज्ञानपटाच्या नावावरून क्लिपचं नाव बेतलेलं.

म्हणजे कार्टून बातमीवरून काढलं. जिना, हात, कोन, सगळं सारखं दिसतं कारण चित्रकारांनी खरं फुटेज समोर ठेवूनच ते तसं काढलं. व्यंगचित्राचं कामच ते. फॉरवर्डमध्ये फक्त क्रम उलटा केला जातो. ही क्लिप कुठल्याही सीझनमधला एपिसोड नाही, टीव्हीवरच्या नेहमीच्या वेळेत ती आलेली नाही, आणि २००० शी तिचा काहीही संबंध नाही. २००० च्या एपिसोडमध्ये सांगण्यासारखं नाव होतं पण दाखवण्यासारखं चित्र नव्हतं. २०१५ च्या क्लिपमध्ये झकास चित्र होतं पण भाकीत नव्हतं. कोणीतरी एकाचं साल उचललं, दुसऱ्याचं चित्र उचललं आणि जोडून दिलं. खळबळजनक पोस्ट करायची तर दोन्ही लागतात.

वर्षं लक्षात राहत नसतील तर चित्राकडेच नीट बघावं. २००० साली ‘सिम्पसन्स’ अजून पारदर्शक प्लास्टिकच्या तावांवर हाताने रंगवला जायचा. संगणकावर रंगवण्याची पद्धत तिथे कायमची रुळली २००२ च्या शेवटी, आणि रुंद पडद्याचं एचडी चित्र आलं ते फेब्रुवारी २००९ मध्ये. त्यामुळे ‘बार्ट टू द फ्यूचर’ची मूळ फ्रेम जुन्या डबा टीव्हीसारखी, जवळजवळ चौकोनी आहे, रेषा थोड्या जाडसर, रंग किंचित मऊ. जिन्यावरच्या ट्रम्प यांची फ्रेम रुंद आहे, रेषा वस्तऱ्याने कापल्यासारख्या स्वच्छ. एक खबरदारी मात्र घ्यावी. २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर जुने एपिसोड वरून-खालून कापून रुंद करून दाखवले गेले होते. ओरड झाल्यावर २०२० मध्ये मूळ चौकोनी आकाराचा पर्याय दिला गेला. म्हणून नुसत्या आकारावर विसंबू नये, रेषा आणि रंग बघावेत.

या दोघांमध्ये कधीकधी तिसराही घुसतो: ‘लिसाज वेडिंग’. तोही भविष्यातला, त्यातही एक भविष्य सांगणारी बाई, आणि योगायोग बघा, तोही १९ मार्चलाच प्रसारित झालेला, फक्त १९९५ च्या. त्यात २०१० सालची मोठी लिसा एका इंग्रज तरुणाशी लग्न करायला निघते. ट्रम्प यांचा तिथे मागमूस नाही. भविष्यातला एकच एपिसोड बघायचा असेल तर मी डोळे मिटून हा सुचवीन. त्याला एमी हा टीव्हीचा पुरस्कारही मिळाला आहे.

खुद्द मालिकावाल्यांनी या प्रकरणात हात धुऊन घेतले. निवडणुकीचा निकाल लागल्यानंतरच्याच रविवारी, १३ नोव्हेंबर २०१६ ला आलेल्या एपिसोडच्या सुरुवातीला बार्ट फळ्यावर शिक्षा म्हणून लिहीत असतो की बरोबर ठरणं ही वैतागवाणी गोष्ट आहे. तिथून ‘सिम्पसन्सचं भाकीत’ हा धंदाच झाला. शवपेटीतल्या ट्रम्प यांचं जे चित्र फिरतं ते तर मालिकेतलं नाहीच, कोणा तिऱ्हाइताचं काम आहे. त्यासाठी साल तपासायचीही गरज नाही.

राष्ट्राध्यक्ष लिसाचा जांभळा सूट आणि मोत्यांची माळ मात्र खरोखर २००० च्याच एपिसोडमधली. जानेवारी २०२१ मध्ये कमला हॅरिस जांभळ्या पोशाखात, मोत्यांची माळ घालून उपराष्ट्राध्यक्षपदाची शपथ घ्यायला उभ्या राहिल्या तेव्हा लोकांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. जुलै २०२४ मध्ये बायडेन शर्यतीतून बाहेर पडल्यावर मालिकेचे जुने लेखक-निर्माते ॲल जीन यांनी तीच जोडी पुन्हा पोस्ट केली आणि या ‘भाकिता’त आपला हात असल्याचा अभिमान वाटतो असं लिहिलं. पुढचे काही महिने तो फोटो जोरात फिरला. नोव्हेंबरात हॅरिस हरल्या, ट्रम्प परत आले, आणि गटांमध्ये पुन्हा जिन्याचा फोटो सुरू झाला, खाली तेच साल टाकून.