पाऊल आत वळतं, पण कुठून?

रामकुंडात डुंबून वर आलेल्या पोरांचे ओले ठसे कोरड्या फरशीवर उमटतात, ते एकदा नीट बघा. मोठ्या माणसाची पावलं चालण्याच्या रेषेपासून थोडी बाहेर वळलेली असतात, साधारण १० अंश. तीन-चार वर्षांच्या बऱ्याच पोरांच्या ठशांतली बोटं मात्र एकमेकांकडे तोंड करून. आजी लगेच म्हणणार, "फेंगडा चालतोय."

ठसा सारखाच दिसला तरी एकाचा पीळ नडगीच्या हाडात असतो, दुसऱ्याचा मांडीच्या. फरक पावलावर कळत नाही, गुडघ्याच्या वाटीवर कळतो. हाफ पँट घालून मुलाला समोरून चालत येऊ द्या. वाट्या सरळ तुमच्याकडे आणि पावलंच तेवढी आत, तर पीळ नडगीत. वाट्याच एकमेकींकडे बघत असतील तर मांडीत.

नडगीचा पीळ आईच्या पोटात पाय घडी करून राहिल्यानं आलेला. मूल चालू लागलं की दिसतो आणि चार-पाच वर्षांपर्यंत बहुधा सुटतो.

मांडीचा उशिरा, तीन ते सहा वर्षांत ठळक होतो. जन्मताना मांडीच्या हाडाची मान, म्हणजे खुब्याजवळचा अरुंद भाग, सुमारे ४० अंश पुढे वळलेली असते, मोठेपणी १५ च्या आसपास येते. ही उतरण आठ-दहा वर्षांपर्यंत चालते. माझी भाची गोल्फ क्लब मैदानावर पळायची तेव्हा टाचा दोन्ही बाजूंना भिरकवायची आणि दर चार पावलांनी अडखळायची. घरी बसणं कायम पाय मागे-बाजूला टाकून, डब्ल्यूसारखं. त्या बसण्यानं पाय वाकडे होतात म्हणून तिला ओरडा बसायचा. खरं तर हाडच तसं असल्यानं तिला तसं बसणं सोपं जायचं, मांडी घालणं अवघड. एका दुकानानं "पाय सरळ करणारे" जड बूटही आमच्या गळ्यात मारले. बुटानं हाडाचा पीळ सुटत नाही. तिचा सुटला तो वयानं, बूट माळ्यावर गेल्यानंतर.

बाहेर वळणाऱ्या पावलांचं गणित वेगळं. नुकतं चालू लागलेलं मूल पावलं बाहेर टाकतं, ते खुब्यातल्या ताठरपणामुळे. दीड-दोन वर्षांपर्यंत निवळतं. पण नडगी वाढताना बाहेरच्याच दिशेनं फिरत जाते. म्हणून तिचा आतला पीळ आपोआप सुटतो आणि बाहेरचा उलट वाढू शकतो.

आत असो वा बाहेर, वळण एकाच पायाला असेल, दुखत असेल, मूल लंगडत असेल किंवा वळण वाढत चाललं असेल तर वाट बघत बसू नका. दहा-पंधरा वर्षांचं मूल अचानक लंगडायला लागलं, गुडघा किंवा मांडी दुखते म्हणालं आणि त्या बाजूचं पाऊल बाहेर पडत असेल, तर खुब्याचा गोळा सरकल्याची शंका घ्यावी. त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे न्या, आणि चालवत नाही, उचलून.