मोठ्या दहशतवादी हल्ल्यानंतरचे आपत्कालीन व्यवस्थापन

बॉम्बस्फोट, अंदाधुंद गोळीबार, गर्दीत वाहन घुसवणे किंवा विषारी रसायन सोडणे अशा मार्गांनी एकाच वेळी अनेकांचे प्राण घेणारा हल्ला झाल्यावर पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका सेवा, रुग्णालये आणि नागरी प्रशासन यांनी मिळून करायच्या कामांना ही संज्ञा लावतात. हल्लेखोरांचा बंदोबस्त हा त्याचा एक भाग झाला. जखमींना बाहेर काढणे, त्यांच्यावर उपचार करणे, मृतांची ओळख पटवणे, नातेवाइकांना माहिती देणे आणि शहर पुन्हा चालते करणे हा दुसरा भाग बराच मोठा असून या नोंदीत मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

भूकंप किंवा पुरात वापरली जाणारी यंत्रणाच इथेही कामाला लागते, पण परिस्थिती वेगळी असते. भूकंप मदतीला धावणाऱ्यांवर नेम धरत नाही. हल्ला मात्र संपला की चालू आहे, एकाच जागी आहे की अनेक ठिकाणी, हे पहिला तासभर कोणालाच ठाऊक नसते. २००२ मध्ये बालीत एका पबमध्ये स्फोट झाला, घाबरलेले लोक रस्त्यावर आले आणि काही क्षणांतच समोरच्या क्लबबाहेर स्फोटकांनी भरलेले वाहन उडवण्यात आले. २०२ जण मेले. नुसत्या संशयानेही काम थांबते. १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत दुसरा बॉम्ब सापडल्याच्या वार्तेमुळे बचावकर्त्यांना पहिल्या स्फोटात कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यावरून मागे घ्यावे लागले. प्रत्यक्षात तसा बॉम्ब नव्हताच. शिवाय घटनास्थळ हे गुन्ह्याचे ठिकाणही असते, त्यामुळे जखमी उचलताना पुरावे तुडवले जाणार नाहीत हेही पाहावे लागते. दोन्हींत ओढाताण झालीच, तर जीव आधी आणि पुरावा नंतर, हा सर्वमान्य क्रम आहे.

हुकूम कोणाचा?

अनेक दले एकाच जागी पोहोचली की पहिला प्रश्न नेतृत्वाचा येतो. यावरचा सर्वाधिक प्रचलित उपाय, म्हणजे घटना नियंत्रण प्रणाली, जन्माला आला तो दहशतवादातून नव्हे. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात लागलेल्या वणव्यांत वेगवेगळ्या दलांना एकमेकांची भाषा कळेना आणि कोण कोणाला हुकूम देतो याचा पत्ता लागेना. त्या अनुभवातून ती आखली गेली. एक प्रमुख किंवा सर्व दलांच्या प्रमुखांचे एक संयुक्त ठाणे, समान शब्दावली आणि प्रत्येकाला एकच वरिष्ठ, हा तिचा गाभा.

११ सप्टेंबर २००१ रोजी या प्रणालीची दोन टोके एकाच दिवशी दिसली. न्यूयॉर्कमध्ये विमाने आदळलेल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जोड मनोऱ्यांपाशी पोलीस आणि अग्निशमन दल आपापल्या ठाण्यांवरून काम करत होते. दक्षिण मनोरा सकाळी ९.५९ ला कोसळल्यावर पोलिसांच्या हेलिकॉप्टरांनी उत्तर मनोऱ्याबद्दल इशारे दिले, पण ते अग्निशमन दलाच्या रेडिओवर ऐकू येण्याची सोय नव्हती. १०.२८ ला तोही कोसळला. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले. शहराचे आपत्कालीन नियंत्रण केंद्र तर त्याच संकुलातल्या सात क्रमांकाच्या इमारतीत होते. ते सकाळीच रिकामे करावे लागले आणि संध्याकाळी इमारतच पडली. त्याच दिवशी विमान आदळलेल्या पेंटागॉनमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण मुख्यालयात, मात्र स्थानिक आर्लिंग्टनच्या अग्निशमन दलाने संयुक्त नियंत्रण उभे केले आणि इमारतीचा जळता भाग कोसळण्यापूर्वी आपली माणसे मागे घेतली. चौकशी आयोगाने या फरकाची नोंद केली. अर्थात ही तुलना जपूनच करावी: पाच मजली इमारत आणि ११० मजली मनोरे यांतले काम एका मापाने मोजता येत नाही.

२०११ मध्ये नॉर्वेत ७७ जणांचा बळी घेणाऱ्या हल्ल्यांनंतरच्या आयोगाचे बोट याच जागी पडले. साधनसामग्री देशात होती, पण ती एकमेकांपर्यंत पोहोचली नाही, असा त्याचा रोख होता. अशा बहुतेक अहवालांत गाड्या किंवा माणसे कमी पडल्याची तक्रार दुय्यम असते; असलेली माणसे एकमेकांशी बोलत नव्हती, ही मुख्य.

सुरक्षित अंतर आणि वाहते रक्त

घटनास्थळाचे तीन पट्टे पाडण्याची पद्धत आहे. जिथे धोका थेट आहे तो आतला पट्टा. धोका असू शकेल, पण समोर नाही, तो मधला. आणि बाहेरचा सुरक्षित. पूर्वीचा नियम सोपा होता: पोलिसांनी जागा निर्धोक करावी, मगच वैद्यकीय पथकाने आत जावे. अडचण अशी की मोठ्या रक्तवाहिनीतून होणारा रक्तस्राव काही मिनिटांत जीव घेतो, आणि जागा निर्धोक करायला तास लागू शकतात.

इंग्लंडमधील मँचेस्टर अरेना या कार्यक्रमगृहात २२ मे २०१७ रोजी हेच घडले. २२ जणांचा बळी घेणाऱ्या त्या स्फोटानंतर अग्निशमन दल घटनास्थळी पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ गेला, कारण आत बंदूकधारी असल्याच्या शंकेने त्याला दूर थांबवून ठेवले होते. जखमींपर्यंत अगदी मोजके निमवैद्यकीय कर्मचारी गेले; पोलिसांनी आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनी जाहिरातींचे फलक व लोखंडी अडथळे यांचे स्ट्रेचर करून माणसे खाली आणली. मृतांपैकी एकाचा जीव योग्य मदत मिळाली असती तर बहुधा वाचला असता, असा निष्कर्ष सार्वजनिक चौकशीने २०२२ मध्ये काढला.

म्हणून आता अनेक देशांत चिलखती जाकीट घातलेली छोटी वैद्यकीय पथके सशस्त्र पोलिसांच्या आडोशाने मधल्या पट्ट्यात जातात. तिथे ती पूर्ण उपचार करत नाहीत; रक्त थांबवणे, श्वासमार्ग मोकळा करणे आणि माणूस उचलणे एवढेच. त्यांच्याही आधी जखमीपाशी असतो तो शेजारी उभा असलेला माणूस. बॉस्टन मॅरेथॉनच्या २०१३ च्या स्फोटांत कमरेचे पट्टे आणि कपड्यांच्या पट्ट्या आवळून रक्त थांबवले गेले. तिघे जागीच गेले, पण जिवंतपणी रुग्णालयात पोहोचलेला एकही जखमी दगावला नाही. शर्यतीमुळे वैद्यकीय तंबू अंतिम रेषेजवळच होता, हा नशिबाचा भाग. त्याच वर्षी अमेरिकेतील शल्यविशारदांनी रक्तस्राव थांबवण्याचे शिक्षण सामान्य नागरिकांना द्यावे अशी शिफारस केली आणि २०१५ पासून त्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली.

रुग्णालयांच्या दारात

जखमींची वर्गवारी रंगांनी करतात: लाल म्हणजे तातडीचे, पिवळा म्हणजे थोडे थांबू शकणारे, हिरवा म्हणजे चालते-फिरते, आणि काळा मृत किंवा वाचण्याची आशा नसलेल्यांसाठी. कागदावर सुबक दिसणारी ही रचना प्रत्यक्षात बिघडते, कारण हिरवे रुग्ण रुग्णवाहिकेची वाट पाहत नाहीत. ते टॅक्सीने किंवा पायीच जवळचे रुग्णालय गाठतात आणि लाल रुग्ण येईपर्यंत तिथल्या खाटा भरलेल्या असतात. ११ मार्च २००४ ला माद्रिदमधील रेल्वेगाड्यांतल्या दहा स्फोटांनंतर एकट्या ग्रेगोरिओ मारान्योन रुग्णालयात तीनशेहून अधिक जखमी आले. स्फोट सकाळी पाळी बदलण्याच्या सुमारास झाल्याने रात्रपाळी आणि दिवसपाळी दोन्ही हजर होत्या. किरकोळ जखमींना गंभीर ठरवण्याची चूकही महागात पडते. स्फोटांच्या अभ्यासांत असे जितके जास्त, तितके खऱ्या गंभीर रुग्णांचे मृत्यू जास्त, असे आढळले आहे.

रसायनाचा हल्ला हे सगळे गणित उलटवतो. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत मज्जासंस्थेवर आघात करणारा सारिन हा विषारी वायू सोडल्यावर पाच हजारांहून अधिक लोक रुग्णालयांत गेले. सेंट ल्यूक्स रुग्णालयात पहिल्याच दिवशी ६४० आले. कशाची बाधा झाली आहे हे अधिकृतपणे कळायला सुमारे तीन तास लागले. आदल्या वर्षी जपानमधल्याच मात्सुमोतो शहरात सारिनचे रुग्ण पाहिलेल्या डॉक्टरांनी लक्षणे ओळखून टोकियोच्या रुग्णालयांना स्वतःहून कळवले, ते सरकारी माहितीपेक्षा उपयोगी ठरले. सेंट ल्यूक्सची नवी इमारत बांधताना प्रमुख डॉक्टर शिगेआकी हिनोहारा यांनी युद्धातल्या बॉम्बवर्षावाची आठवण ठेवून प्रार्थनागृहात आणि मार्गिकांत प्राणवायूच्या जोडण्या करवून घेतल्या होत्या. त्यावर उधळपट्टीची टीका झाली होती. त्या दिवशी रुग्ण तिथेच ठेवले गेले. मात्र प्रार्थनागृहात हवा खेळती नव्हती आणि रुग्णांचे कपडे काढून त्यांना धुण्याची व्यवस्था दारात नव्हती, त्यामुळे रुग्णालयाच्या शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांनाही बाधा जाणवली. कपडे उतरवणे आणि पाण्याने धुणे हे दाराबाहेर व्हावे, हा नियम आता सर्वत्र शिकवतात.

माहिती

मोबाईलचे जाळे अशा वेळी हमखास कोलमडते. लंडनमध्ये ७ जुलै २००५ ला भुयारी रेल्वे आणि बसमध्ये झालेल्या स्फोटांनंतर ऑल्डगेट परिसरात सामान्य ग्राहकांचे मोबाईल काही काळ रोखून ते आपत्कालीन सेवांसाठी राखले गेले, आणि भुयारात तर बचावकर्त्यांचे रेडिओच चालत नव्हते. उलट बाजूचा धोका मुंबईत २००८ मध्ये दिसला: कमांडो कारवाईचे थेट प्रक्षेपण पाहून हल्लेखोरांचे सूत्रधार त्यांना फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्यावर कठोर ताशेरे ओढले आणि २०१५ पासून भारतात अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला बंदी असून नेमलेल्या अधिकाऱ्याच्या ठरावीक निवेदनांपुरतीच माहिती देता येते. ब्रसेल्सच्या पोलिसांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये दहशतवादी संशयितांविरुद्धच्या कारवाईची माहिती समाजमाध्यमांवर टाकू नका अशी विनंती केली, तेव्हा लोकांनी तिथे मांजरांची छायाचित्रे टाकून ती पाळली.

मृतांची ओळख आणि पुढची वर्षे

ओळख पटवण्यासाठी इंटरपोल या आंतरराष्ट्रीय पोलीस संघटनेच्या पद्धतीत बोटांचे ठसे, दात आणि डीएनए हे तीनच प्राथमिक पुरावे मानतात. चेहरा किंवा कपडे पाहून केलेली ओळख चुकू शकते. घाई झालेल्या कुटुंबांना हे पटवणे हे या सगळ्यातले कदाचित सर्वांत अवघड काम. माद्रिदमध्ये प्रदर्शन केंद्राचे तात्पुरते शवागार करावे लागले. न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांतील सुमारे ४० टक्के मृतांची ओळख डीएनए तंत्र सुधारत जाऊनही अद्याप पटलेली नाही.

तिथल्या ढिगाऱ्याच्या धुळीने आणखी एक प्रकरण उघडले. हल्ल्यानंतर आठवड्याभरातच अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संरक्षण संस्थेने हवा श्वास घेण्यास सुरक्षित असल्याचे जाहीर केले होते. पुढे बचावकर्त्यांमध्ये श्वसनाचे विकार आणि कर्करोग दिसू लागले, आणि हल्ल्याच्या दिवशी मेलेल्या अग्निशमन जवानांपेक्षा अधिक जवान नंतरच्या आजारांनी गेले. त्यांच्या उपचारांसाठीची आरोग्य योजना जानेवारी २०११ मध्ये सही झालेल्या कायद्याने सुरू झाली. २०१५ मध्ये तिची मुदत २०९० पर्यंत वाढवण्यात आली.