कुपीवरचा आकडा नेमका कशाचा?

पुण्यात अ‍ॅलर्जीची तपासणी करायला गेलात की हातावर पेनाने आकडे टाकतात, प्रत्येक आकड्याशेजारी अर्काचा एकेक थेंब आणि त्यावर हलकीशी टोच. पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठली की पट्टी लावून मिलिमीटर मोजायचे. गांधी मोजणे सोपे. त्या थेंबात अ‍ॅलर्जन, म्हणजे अ‍ॅलर्जी उठवणारे प्रथिन, किती, हे ठरवण्याची खटपट मात्र शंभर वर्षांहून जुनी आहे.

१९११ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड नून यांनी टिमोथी गवताच्या परागांचा अर्क रुग्णांना टोचला. त्यांचे एकक असे: एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाइतक्या परागांतून जेवढे निघेल तेवढे. म्हणजे तोलले पराग, टोचला अर्क. १:१०, १:२० ही वजन-घनफळाची रीत (किती ग्रॅम पराग किती मिलिलिटर द्रवात) त्याच वळणाची. सोयीची खरी, पण तिच्यावरून जोर कळत नाही. एकाच गवताचे पराग एका हंगामात तेज, दुसऱ्यात मंद. कुपीत प्रथिने मोडत जातात आणि लेबल तसेच राहते. १९३०च्या दशकात प्रथिनांतला नायट्रोजन मोजू लागले. पण अर्कातल्या कितीतरी प्रथिनांचा शिंकेशी काहीच संबंध नसतो!

१९६०च्या दशकात चित्र पालटले. रॅगवीड या तणाचे मुख्य अ‍ॅलर्जन वेगळे काढता आले आणि १९६६-६७ मध्ये अ‍ॅलर्जनला पकडणाऱ्या, रक्तातल्या आयजीई प्रतिपिंडाची ओळख पटली. आता अ‍ॅलर्जिक रुग्णांचा रक्तद्रवच मोजमापाला आला. ताटलीच्या खळग्यांत प्रमाण अर्क, म्हणजे तुलनेसाठी ठरवून ठेवलेला अर्क, चिकटवायचा. नव्या घाण्यातला अर्क रक्तद्रवात मिसळून वर ओतायचा. नव्या अर्कात अ‍ॅलर्जन जास्त, तर तोच आयजीईला अडकवून ठेवतो, ताटलीला आयजीई कमी चिकटते. चिकटलेले आयजीई रंग आणून दाखवतात. रंग जितका फिका, तितका अर्क जोरकस. मूळ प्रमाण अर्काचा जोर मात्र अमेरिकेत माणसाच्या कातडीवरच ठरवला: किती पातळ केल्यावर लालीच्या दोन व्यासांची बेरीज ५० मिलिमीटर भरते, त्यावरून.

पुण्याचे दुखणे गाजर गवत. १९५०च्या दशकाच्या मध्यात इथे त्याची नोंद झाली आणि पुढे अंगावरच्या चिवट इसबाचे कारण म्हणून ते गाजले. त्या इसबाची चाचणी निराळी, पाठीवर पट्टी चिकटवून. परागांनी येणाऱ्या शिंका आयजीईच्या खात्यातल्या. गाजर गवत रॅगवीडच्याच कुळातले, पण अमेरिकेत जोर प्रमाणित केलेल्या अर्कांच्या यादीत रॅगवीड, धुळीतले माइट, मांजर, काही गवते आणि मधमाशी-गांधीलमाशीचे विष आहे. गाजर गवत नाही. आपल्याकडे वजन-घनफळाचा आकडा अजून सर्रास दिसतो. म्हणून अ‍ॅलर्जी कमी करण्यासाठी अर्काच्या इंजेक्शनचा कोर्स चालू असताना कंपनी बदलली, तर डॉक्टर डोस खाली आणून पुन्हा हळूहळू चढवतात.